कूपर मंडळींना आग्रहाचं निमंत्रण

मी माझ्या मुलीच्या लग्नाला गावातल्या सगळ्या कूपरांना बोलावलं. त्यांतल्या एकालाही मी ओळखत नव्हतो. त्यांचं आणि माझ्या होणाऱ्या जावयाचं आडनाव एक, एवढ्याच भांडवलावर मी एका शनिवारी अक्षता, पत्रिका आणि पेढ्यांचे डबे घेऊन दारोदार हिंडलो आणि अनोळखी अमेरिकन माणसांना सांगत सुटलो की तुमच्या घरचं कार्य आहे, तुम्ही आलंच पाहिजे.

हे मी पूर्ण शुद्धीत केलं. ताप नव्हता, काही घेतलेलं नव्हतं. सकाळचा चहासुद्धा बिनसाखरेचा होता.

मला वेड्यात काढण्याआधी माझी जडणघडण जरा लक्षात घ्या. आमच्या घरी पाहुणा आला की पाण्याच्या भांड्याआधी प्रश्न यायचा, ‘आडनाव काय आपलं?’ ते कळलं की ‘मूळचे कुठले?’ आणि तेही कळलं की ‘मग ते अमके तुमचे कोण?’ या तीन प्रश्नांत माझे वडील कुठल्याही माणसाला कुठल्याही माणसाचा चुलतभाऊ करून दाखवत. एकदा बँकेत नवीन आलेल्या कॅशियरला त्यांनी काउंटरवर उभ्या उभ्या आमच्या आत्याच्या दिराच्या घरात नेऊन बसवलं. तो बिचारा नाही नाही म्हणत होता, पण पुढे खरोखरच दिवाळीच्या फराळाला यायला लागला. आडनावामागे एक गाव असतं, एक कुळ असतं आणि लग्नात रुसून बसणारे चार काका असतात, हे मी असं लहानपणीच शिकलो. अमेरिकेत येऊन तीस वर्षं होत आली. गाडी उजवीकडून चालवायला शिकलो, बर्फ ओढायला शिकलो, पण हे काही डोक्यातून गेलं नाही.

आम्ही राहतो स्टेट कॉलेजला. हे गावाचंच नाव आहे. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत, विद्यापीठाच्या आसऱ्यानं वाढलेलं गाव. मी विद्यापीठाच्या संगणक विभागात नोकरी करतो आणि बायको नागपूरची आहे. या दोन गोष्टींनी माझं सगळं आयुष्य ठरलेलं आहे. मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली आणि तिनं नवराही इथलाच शोधला. मुलगा उत्तम. आमटी भुरकून खातो, आणि आमटी खाऊन झाल्यावर वाटी स्वतः उचलतो. याहून जास्त चौकशी मी केली नाही. एवढ्यावर भागवलेलं माझ्या वडिलांना आवडलं नसतं.

लग्नाचं ठरवायला मुलाचे वडील आमच्याकडे आले. उंच, किडकिडीत, चालताना जरा पुढे झुकलेले. जन्मभर याच गावात पोस्टमन होते, नुकतेच निवृत्त झाले होते. पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती. बायकोनं कांदेपोहे केले होते. ते त्यांनी अगदी सावकाश, एकेक शेंगदाणा हुडकत खाल्ले. माणूस कमी बोलणारा. मी मात्र दोघांच्या वाटणीचं बोलत होतो.

“आमच्याकडून दीडशे तरी होतील,” मी म्हटलं. “फ्रीमाँटहून माझी बहीण, शिकागोहून हिचे तिन्ही भाऊ, नागपूरहून मामा-मामी. शिवाय इथले. तुमच्याकडून किती?”

“मी,” ते म्हणाले.

मी पेन हातात धरून थांबलो. मला वाटलं, पुढे यादी येतेय.

त्यांनी बराच विचार केला. “माझी एक मावशी आहे ओहायोला, पण ती आता प्रवास करत नाही.” पुन्हा विचार केला. “हो. म्हणजे मीच.”

शेजारी बसलेला जावई चटईचे दोरे मोजत होता. वडील एकुलते एक, आई एकुलती एक, हा एकुलता एक. मित्र होते त्याचे, पण ते माझ्या मुलीचेही मित्र. ते आमच्या यादीत आधीच शिरलेले.

“दोन बाजूंना खुर्च्या मांडायच्या असतात का तुमच्यात?” व्याह्यांनी विचारलं. “मी मागे उभा राहिलो तरी चालेल. उभं राहायची सवय आहे मला.” मग जरा हसून म्हणाले, “कोर्टात जाऊन केलं तर? तिथे खुर्च्याच नसतात.”

ते गेल्यावर मुलगी स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. “बाबा, ही विल बी सिटिंग देअर ऑल अलोन. एका बाजूला सगळा इंडिया आणि दुसऱ्या बाजूला तो एकटा. आणि हा म्हणतोय, डॅडला असं बसवणार असू तर मला वेडिंगच नको.”

“त्यात काय एवढं?” बायको म्हणाली. “आपलीच पन्नास माणसं बसवून द्या त्यांच्या बाजूला.”

“वरपक्षात वधूपक्षाची माणसं?” मी म्हणालो. “लग्न आहे का नाटकाचं थिएटर? रिकामी खुर्ची दिसली की बसा!”

“मंग काय पोस्टानं मागवून राहिले तुम्ही माणसं?”

ती हे चिडवायला म्हणाली होती. माझ्या डोक्यात मात्र दिवा लागला. माणसं मागवायची कशाला? माणूस आहे, त्याला आडनाव आहे, म्हणजे कुठेतरी भावकी असणारच. ती शोधायची फक्त.

त्या आठवड्यात मी ऑफिसचं काम सोडून सगळं केलं. कूपर या आडनावाचा अर्थ मला तोवर ठाऊक नव्हता. मुंबईतले पारशी कूपर ऐकून माहीत, तेवढेच. वाचत गेलो तसा मी खुश होत गेलो. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा. इंग्लंडात पाचसहाशे वर्षांपूर्वी जो जे करील तेच त्याचं आडनाव होऊन बसलं, आपल्याकडच्या सुतार-लोहारांसारखं. ओकच्या फळ्या तासायच्या, वाफेवर किंवा जाळावर धरून त्यांना पोटाशी बाक द्यायचा, कड्या ठोकून घट्ट बसवायच्या. खिळा नाही, सरस नाही, आणि तरी थेंब गळता कामा नये. बीअर, पीठ, खारे मासे, बंदुकीची दारू, जे म्हणून जहाजावर चढायचं ते पिंपातून चढायचं. म्हणून गावोगाव पिंपवाले आणि म्हणून देशोदेशी कूपर. अमेरिकेत तर हे आडनाव पहिल्या शंभरांत येतं म्हणे. आपल्या कुलकर्ण्यांसारखं समजा. कुठेही दगड मारा. आणि गंमत ही, की लाकडी पिंपं करणारी माणसं आता व्हिस्कीवाल्यांच्या कारखान्यांत थोडीफार उरलीत, बाकी लाखो कूपरांना पिंपाला तोंड कुठून असतं तेही माहीत नाही.

मला राहवेना. व्याह्यांना फोन लावला.

“तुमचे पूर्वज पिंपं बनवायचे!”

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग, “माझे वडील इन्शुरन्स विकायचे.”

“त्यांच्या आधीचे?”

“तेही इन्शुरन्सच.”

“त्यांच्याही आधी हो!”

“मी कधी विचारच नाही केला,” ते म्हणाले. आणि सभ्य माणूस असल्यामुळे पुढे म्हणाले, “पण चांगलं आहे. पिंप उपयोगी वस्तू आहे.”

मी फोन ठेवला तो निश्चय करूनच. आमच्या या एका गावात इंटरनेटवर शोधलं तर दीड डझन कूपर घरं निघत होती. एवढी भावकी दारात असताना हा माणूस मांडवात एकटा बसणार? माझ्या हयातीत नाही.

बायकोला मी सांगितलं की ऑफिसातल्या लोकांना पत्रिका द्यायच्यात. तिनं रिकोटा चीज आणि दुधाच्या पावडरीचे पेढे केले होते, ते डब्यांत भरले, कुंकवाच्या अक्षता पुड्यांत बांधल्या आणि शनिवारी सकाळी निघालो.

पहिल्या दारावर माणूस नव्हताच. घंटा दाबली तर घंटाच बोलायला लागली.

“आम्ही काही विकत घेत नाही.”

“मी काही विकत नाही,” मी घंटेकडे तोंड करून म्हणालो. “लग्न आहे.”

“कुणाचं?”

“तुमचं! म्हणजे तुमच्या घरचं.”

“माझं लग्न झालेलं आहे,” घंटा म्हणाली आणि बंद झाली. मी पायरीवर पत्रिका ठेवली, तिच्यावर पेढ्याचा डबा ठेवला, आणि चार अक्षता कॅमेऱ्यापुढे धरून दाखवल्या. निदान विधी तरी पुरा व्हावा.

दुसऱ्या दारातल्या माणसानं अक्षता तळहातावर घेऊन विचारलं, शिजवायच्या कशा. तिसऱ्या घरी त्यांच्या चर्चचा पत्ता माझ्याच हातात देण्यात आला. चौथ्या घरातला तरुण मात्र चांगला निघाला. दाढीवाला, बाहेर अंगणात छोट्या पोरीच्या सायकलला हवा भरत होता. मी माझं भाषण लावलं: ओक, फळ्या, कड्या, जहाजं, तुम्ही सगळे एका मुळाचे. तो हात पुसत ऐकत राहिला.

“मी बीअर बनवतो,” तो म्हणाला.

“बघा! रक्तात आहे!”

“पण आमच्याकडे सगळ्या स्टीलच्या टाक्या आहेत. लाकडी पिंप एकही नाही. आणि आम्ही मुळात कूपर नाही. आजोबांच्या आजोबांचं नाव जर्मन होतं. अर्थ तोच असणार बहुतेक. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत जर्मन नाव नको म्हणून त्यांनी इंग्रजी करून घेतलं.”

“म्हणजे भाषांतर,” मी जरा हिरमुसून म्हणालो.

“भाषांतर,” तो म्हणाला आणि त्यानं दुसरा पेढा उचलला.

पाचवं घर टेकडीच्या पायथ्याशी होतं. दार एका आफ्रिकन-अमेरिकन बाईंनी उघडलं. सत्तरीच्या, ताठ, डोळ्यांवर साखळीचा चष्मा. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या हे त्यांनी मागाहून सांगितलं, पण मी ते दारातच ओळखलं होतं, कारण मी आपोआप शर्ट नीट खोचला. मी भाषण सुरू केलं. जहाजांपर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

“हे नाव ज्या माणसाचं होतं, त्याच्या मालकीचे होते माझे पूर्वज,” त्या म्हणाल्या. “व्हर्जिनियात. त्यानं जन्मात एखादं पिंप बनवलं असेल असं मला वाटत नाही. बनवलीच असतील तर आमच्या लोकांनी. फळ्या तासल्या आम्ही, नाव त्याचं.”

भाषणाचा उरलेला अर्धा भाग मी गिळला आणि काय करावं ते न सुचून पेढ्यांचा डबा पुढे केला. त्यांनी एक घेतला. मला वाटतं, माझी दया येऊन.

“आता पिंपं सोडा,” त्या म्हणाल्या. “खरं सांगा, माझ्या दारात का आलात?”

मग मी त्या दिवसात पहिल्यांदा सरळ बोललो. माझ्या मुलीचं लग्न आहे. मुलाचे वडील एकटे आहेत. इथेच पोस्टमन होते, आता निवृत्त झालेत, पत्नी गेली. एका बाजूला आमचे दीडशे लोक आणि त्यांच्या बाजूला कुणी नाही. ते म्हणतात, मी मागे उभा राहीन.

बाईंनी चष्मा चढवून पत्रिका उलटसुलट पाहिली. मुलाच्या वडिलांच्या नावावर त्यांचं बोट जरा वेळ थांबलं. “येईन मी,” त्या म्हणाल्या. “नातवंडांना आणते.”

पुढच्या दारांवर मी पिंपं जरा कमी केली आणि पोस्टमन वाढवला. मग लोकांचे चेहरे बदलायला लागले. कुणी पत्रिका नीट धरून वाचायचं, कुणी आत हाक मारून बायकोला बोलवायचं. एकानं तर मला आत बसवून लिंबूसरबत दिलं. मी मनात म्हटलं, रिकोटाच्या पेढ्यांत ताकद आहे.

शेवटच्या दारापुढे खडूनं काढलेली माशांची रांगोळी दिसली आणि मी धावतच पायऱ्या चढलो. रांगोळी म्हणजे आपल्याकडचंच कुणीतरी. दार उघडलं ते गाऊन घातलेल्या एका गोऱ्यापान आजींनी. त्यांनी माझ्या हातातला डबा पाहिला आणि थेट मराठीत विचारलं, “काय विकायला आला रे?”

पुण्याच्या कँपातल्या पारशीण, दारात मासे काढणारच! मुलगा विद्यापीठात शिकवतो, त्याच्याकडे राहायला आलेल्या. मी आनंदानं ओरडलोच. अक्षता काय असतात ते समजवायला गेलो तर म्हणाल्या, “मला शिकवतो? तुझ्या जन्माच्या आधीपासून लग्नं जेवलेय मी.”

“तुम्हीसुद्धा पिंपवाले ना बाई?” मी आशेनं विचारलं.

“आमच्या पणजोबांनी गोऱ्यांच्या जहाजांना पिंपं पुरवली,” त्या म्हणाल्या. “बनवली नाय, पुरवली. घाम दुसऱ्याचा, नफा आमचा. बस, नाव पडलं कूपर.” मग पत्रिकेतल्या नावाला त्यांनी डोळे बारीक केले. “हा पोस्टवाला? लांब पायाचा? याचा मुलगा काय? मग येते ना. पुढे बसव मला, गुडघे दुखतात.”

संध्याकाळी मी घरी आलो तो राज्य जिंकून आल्यासारखा. लिंबूसरबताचं सांगितलं नाही, पण शिट्टी वाजवत होतो. बायकोला तेवढ्यावरूनच शंका यायला हवी होती.

दोनच दिवसांत मुलगी फोन हातात धरून घरात शिरली. गावातल्या लोकांची एक वेबसाइट आहे, हरवलेली मांजरं आणि न उचललेला कचरा यासाठी. तिथे एकानं प्रश्न टाकला होता: एक मध्यमवयीन गृहस्थ घरोघरी लाल तांदूळ दाखवत फिरतायत, कुणाला काही माहीत आहे का? सोबत दाराच्या कॅमेऱ्यातला फोटो. तो सगळा माझ्या नाकानंच व्यापलेला, मागे कुठेतरी कान आणि मध्ये चार अक्षता.

“बाबा, इज धिस यू?”

“नाक माझ्यासारखं आहे,” मी म्हणालो.

सगळं बाहेर आलं. बायको सोफ्यावर बसली. “काय करून ठेवलं जी तुम्ही हे?”

“भावकी,” मी म्हणालो.

“बाबा, दे आर नॉट रिलेटेड! तू याच्या डॅडला भाड्यानं फॅमिली आणलीस!” मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. “त्याला कळलं ना, की स्ट्रेंजर्सना दया येऊन ते आले, तर तो परत आमच्याशी बोलणार नाही. ही इज सच अ प्राउड मॅन.”

“अन् कोणीच नाही आलं तं?” बायको म्हणाली. “खुर्च्या मांडायच्या, अन् रिकाम्या. मंग तं अजूनच वाईट.”

हे दोन्ही मला सुचलं नव्हतं. मुलीनं फर्मान काढलं: आजच्या आज त्यांच्याकडे जा आणि सगळं सांग.

गेलो. व्याही ओसरीवर बसून बूट पॉलिश करत होते. शेजारी नवीन कोट हँगरला टांगलेला, त्यावरची किमतीची चिठ्ठी तशीच. “पुढे बसायचं ठरवलंय मी,” ते म्हणाले. “मुलासाठी. रिकाम्या खुर्च्यांना घाबरून मुलाचं लग्न बिघडवू का? दोन तासांचा तर प्रश्न.” मग बुटाच्या टोकावरून फडकं फिरवत म्हणाले, “मात्र तुमचे लोक बघत राहतील ना. ते जरा...” आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

त्या माणसासमोर बसून मी म्हणू शकलो नाही की तुमच्यासाठी मी घरोघरी माणसं मागून आलोय. मी बुटांची तारीफ केली. ती बराच वेळ केली. मग घरी आलो.

“सांगितलं?” मुलीनं विचारलं.

“साधारण.”

लग्न सप्टेंबरअखेरचं. गावाबाहेर एक जुनं लाल कोठार आहे, पूर्वी गवताचं, आता लग्नांचं. मेपलची पानं पेटायला लागली होती. गुरुजी न्यू जर्सीहून पहाटे निघून आले होते आणि पोचल्यापासून घड्याळ पाहत होते. आमची बाजू भरून सांडत होती. हिचे भाऊ फेटे बांधून घ्यायला रांगेत, मामी खुर्च्यांवर रुमाल टाकून जागा धरतायत. आणि मधली वाट ओलांडली की पलीकडे ओळीच्या ओळी पांढऱ्या खुर्च्या, आणि पहिल्या ओळीत, अगदी कडेला, नवा कोट आणि केशरी फेटा घातलेले व्याही. हात गुडघ्यांवर, नजर समोर. दीडशे माणसं त्यांच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

मुलीनं खोलीच्या खिडकीतून पाहिलं आणि माझ्याकडे वळली. मग तिनं पडदा ओढून घेतला. मी बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. मुहूर्ताला वीस मिनिटं होती.

धूळ उडवत पहिली गाडी आली ती बीअरवाल्याची. बायको, सायकलवाली पोरगी आणि काखेत बीअरचं स्टीलचं छोटं पिंप. मी त्याला आत नेलं आणि देवाचं नाव घेतलं. तो मधल्या वाटेनं चालत पहिल्या ओळीपर्यंत गेला आणि थांबला.

“बघ, म्हटलं होतं ना मी!” तो बायकोला म्हणाला. “हेच ते!”

व्याही उभे राहिले. फेट्याखालून त्याच्याकडे पाहिलं, मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. “तुमचा तो काळा कुत्रा कसा आहे?”

“तो गेला हो. आता नवीन आहे.”

“तोही पोस्टमनवर भुंकतो?”

“जास्त!”

मागून मुख्याध्यापिका बाई आल्या, दोन नातवंडांना हाताशी धरून. त्यांना पाहताच व्याही फेटा काढायला लागले, त्यांनी तो काढू दिला नाही. नातवंडांना सांगितलं, “बर्फ पडला की आपल्या पायऱ्या निसरड्या होतात ना? हे गृहस्थ आपली पत्रं पेटीत टाकायचे नाहीत. वर चढून माझ्या हातात द्यायचे. हिवाळाभर. मी कधी सांगितलं नव्हतं.”

मग गाड्यांमागून गाड्या. तेव्हा कुठे मला कळलं. कूपर आडनावाची एवढी घरं एका गावात म्हटल्यावर पत्रांची अदलाबदल रोजची. याची बिलं त्याच्याकडे, तिचा वाढदिवस भलत्याच दारात. ती सगळी सरमिसळ जन्मभर एका माणसानं निस्तरली होती. या गावात किती कूपर आहेत, कोण कुठे राहतं आणि कोण कुणाचं काहीही लागत नाही, हे नेमकं ठाऊक असणारा एकच माणूस होता, आणि तो माझा व्याही होता. त्याला न विचारता मी इंटरनेटवर शोधत बसलो होतो. तो मात्र समजत होता की पोस्टमनला लोक पेटीपुरतेच ओळखतात, त्यांना लग्नाला कसं बोलवायचं?

घंटेतून बोललेला माणूसही आला. प्रत्यक्षात बुटका आणि लाजाळू निघाला. पारशी आजी मुलाचा हात धरून आल्या, पहिल्या ओळीत व्याह्यांच्या शेजारी बसल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, “लवकर आटप हं बावा. म्हातारी माणसं आहेत.” गुरुजींनी पहिल्यांदा घड्याळावरून नजर काढली.

अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. ‘सावधान’ला आमच्या बाजूनं अक्षता उडाल्या आणि पलीकडूनही उडाल्या. कुणीही शिजवल्या नव्हत्या. वरपक्षाचा मारा जरा जास्तच जोरात होता. दाढीवाल्याची मूठ थेट गुरुजींना लागली. मी पाहिलं तर व्याही दोन्ही हातांनी अक्षता टाकत होते आणि रडत होते आणि आजी त्यांच्या पाठीवर थापटत होत्या. जावई बापाकडे वळून पाहत होता, माझी मुलगी अंतरपाटाच्या कडेनं जावयाकडे. बायको मला कोपरानं ढोसून म्हणाली, “रडू नका जी, शालू भिजून राहिला माझा.” रडत तीच होती.

जेवणाच्या वेळी मी फुलून आलो होतो. माझ्यामुळे झालं म्हणावं, इतपत सूचक हसत मी टेबलाटेबलांवरून फिरत होतो. मुख्याध्यापिका बाईंपाशी जाऊन म्हटलं, “शेवटी आडनावात काहीतरी असतंच, नाही का?”

“तुमच्या पिंपांच्या भाषणामुळे मी जवळजवळ येणारच नव्हते,” त्या म्हणाल्या आणि श्रीखंड मागून घेतलं.

मग फोटोग्राफरनं आरोळी दिली, मुलाकडची मंडळी या. एरवी या हाकेला व्याही एकटेच उठले असते. आता खुर्च्या सरकल्या, पोरं धावली, दाढीवाला उठला, बाई उठल्या, आजींना खुर्चीसकट उचलून मधोमध आणलं. काळे, गोरे, जर्मनचे इंग्रज झालेले, कँपातून आलेले, सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. कुणी कुणाचं काही लागत नव्हतं आणि सगळे एकमेकांचे खांदे धरून होते. व्याही मध्ये, फेटा सरळ करून, छाती काढून. एवढा पुढे झुकणारा माणूस मी पहिल्यांदाच ताठ पाहिला.

हे सगळं जमवलं कुणी? मला राहवलं नाही. मी कुर्ता झटकला, वाट काढत गेलो आणि व्याह्यांच्या शेजारी, त्यांच्या खांद्यावर हात टाकून, ऐटीत उभा राहिलो.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नेहमीच्याच शांत, सभ्य आवाजात म्हणाले, “हा आमच्या घरच्यांचा फोटो आहे. तुम्ही जरा बाजूला व्हा.”